फोलिक ॲसिड : पानाच्या नावाची गोळी

आज आपण एका शब्दाची गोष्ट ऐकणार आहोत. शब्द आहे ‘ॲसिड’. हा शब्द आमच्यापुढे आला तो एका गटाच्या मासिक बैठकीत. बचत गोळा झाली होती, कर्जाचे हप्ते वहीत लिहून झाले होते, चहा यायचा होता. तेवढ्यात एका मावशींनी पिशवीतून रक्तवाढीच्या गोळ्यांची तीन पाकिटं काढली आणि सतरंजीवर ठेवली. तिन्ही न फोडलेली. त्यांच्या सुनेला पाचवा महिना होता. उपकेंद्रात तपासलं तेव्हा तिचं हिमोग्लोबिन साडेसात भरलं होतं. गोळ्या आशाताईंनी घरी आणून दिल्या होत्या. पण घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीनं पाकिटामागचं इंग्रजी वाचून दाखवलं, आणि त्यात ‘फोलिक ॲसिड’ असं निघालं.

मावशी म्हणाल्या, “ताई, बाथरूम धुवायला आनतो त्ये ॲसिड. फरशीवर टाकलं तर फेस येतो. आन् त्ये पोरीच्या पोटात घालायचं? पोटात लेकरू हाय तिच्या.”

आम्ही म्हणालो, “अहो मावशी, सरकारी गोळी आहे, काही होत नाही.”

त्यावर त्या म्हणाल्या, “होत न्हाई म्हनता, पन ॲसिड कशाला घातलंय त्ये सांगा की.”

आम्हाला सांगता आलं नाही. आम्ही बैठका घेणाऱ्या, शिकलेल्या, पण त्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं. मावशींचं काही चुकलं नव्हतं. ज्या शब्दाची बाटली घरात मुलांपासून लपवून ठेवावी लागते, ज्या शब्दाच्या बातम्या वाचून अंगावर काटा येतो, तोच शब्द औषधावर दिसला तर बाई थांबणारच. मग आम्ही त्या शब्दाचा माग काढायचं ठरवलं. हाती जे लागलं ते असं आहे.

आधी ‘ॲसिड’ म्हणजे काय ते पाहू. हा शब्द मूळचा लॅटिन भाषेतला, आणि तिथं त्याचा अर्थ जाळणारं असा नाही. त्याचा अर्थ आहे आंबट. आपल्याकडे शास्त्राच्या पुस्तकात ॲसिडला आम्ल म्हणतात. तो संस्कृत शब्द. त्याचाही अर्थ आंबटच. आपलं आंबट, आपलं आंबवणं, आपली आंबील ही सगळी त्याच घरातली. जाळणाऱ्या पाण्यासाठी आपल्याकडे वेगळा शब्द होता, तेजाब. तो फारसीतून आला. तेज म्हणजे तीक्ष्ण आणि आब म्हणजे पाणी. सोनाराच्या दुकानात तो शब्द अजून ऐकू येतो. म्हणजे आपल्या बोलण्यात आंबटाला एक शब्द होता आणि जाळणाऱ्याला दुसरा. इंग्रजी शब्द आला आणि त्यानं दोघांना एकाच नावाखाली बसवलं. घोटाळा तिथून सुरू झाला.

शास्त्राच्या दृष्टीनं ॲसिड हे एक मोठं कुटुंब आहे. त्यात तापट माणसं आहेत तशी गरीब स्वभावाचीही आहेत. बाथरूमचं ॲसिड हे तापटांपैकी. त्यापासून जपलंच पाहिजे, त्यात काही बदल नाही. पण दह्यात जे असतं तेही ॲसिड. लिंबात असतं तेही ॲसिड. कार्ल शेले नावाच्या औषधविक्यानं स्वीडन देशात १७८० साली आंबलेल्या दुधातून एक ॲसिड वेगळं काढलं, आणि १७८४ साली लिंबाच्या रसातून दुसरं. दुधातल्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतात, कारण लॅटिनमध्ये दुधाचा शब्द तसा आहे. लिंबातल्याला सायट्रिक, कारण लिंबाच्या जातीच्या झाडांचं नाव तसं आहे. लाल मुंगी चावल्यावर जी आग होते ती फॉर्मिक ॲसिडनं, आणि लॅटिनमध्ये मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात. मुलीला माहेरच्या गावावरून ओळखावं तसं हे आहे. ॲसिड जिथं पहिल्यांदा सापडलं, त्या घराचं नाव त्याला मिळालं.

मग ‘फोलिक’ कुणाच्या घरचं? लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान. झाडाचं पान आणि वहीचंही पान. आपल्या मराठीतही दोन्हीला पानच म्हणतात. गटाचा हिशेब लिहिणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. किर्दीत ‘खा. पा.’ असा एक रकाना असतो, खातेपान. इंग्रजी हिशेबाच्या वहीत त्याच रकान्याला ‘लेजर फोलिओ’ म्हणतात. त्या फोलिओतलं पान आणि या फोलिकमधलं पान एकच. तेव्हा फोलिक ॲसिड म्हणजे शब्दशः पानातलं आम्ल. पालेभाजीतला आंबट अंश. मावशींच्या गोळीवर लिहिलेलं होतं ते एवढंच.

पण गोष्ट इथं संपत नाही. हे पानाचं नाव पडायच्या दहा-बारा वर्षं आधी या वस्तूची पहिली चाहूल लागली ती आपल्या मुंबईत. आणि लागली ती गरोदर बायकांमुळे.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. त्यांचा जन्म १८८८ चा. त्या केंब्रिजला शिकल्या. तिथं मुलींना वर्गात बसता यायचं, परीक्षा देता यायची, पण पूर्ण पदवी मिळायची नाही. केंब्रिजनं बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. नंतर त्या लंडनला बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकून डॉक्टर झाल्या. त्या काळी मुंबईत बाळंतपणात बायका फार मरत. त्या का मरतात याची चौकशी डॉ. मार्गारेट बाल्फोर करत होत्या. त्या चौकशीतल्या एका प्रश्नावर काम करायला लूसीबाई आल्या. जागा होती परळची हाफकिन संस्था. आजूबाजूला कापडगिरण्यांचे भोंगे आणि कामगारांच्या चाळी.

प्रश्न असा होता. काही बायकांना दिवस गेले की अंगातलं रक्त झपाट्यानं कमी व्हायचं. चेहरा पांढरा पडायचा, पाय सुजायचे, धाप लागायची. आज आपण ज्याला ॲनिमिया किंवा रक्तक्षय म्हणतो, त्यातलाच हा प्रकार, पण जरा निराळा. साध्या रक्तक्षयात रक्तातल्या लाल पेशी लहान आणि फिक्या होतात, आणि लोह दिलं की सुधारतात. या बायकांच्या लाल पेशी उलट मोठ्या झालेल्या होत्या आणि संख्येनं फार कमी. नुसत्या लोहानं त्या बऱ्या होत नव्हत्या.

लूसीबाईंनी आधी जंतू शोधले. कारण तिथं सापडेना. मग त्या आणि त्यांचे सहकारी यांनी बायकांच्या खाण्याची आणि राहण्याची पाहणी केली. या कामाच्या अहवालांवर विल्स यांच्या जोडीला तळपदे आणि मेहता अशी आपल्याकडची आडनावंही आहेत. पाहणीतून दिसलं की ज्यांचं खाणं सर्वांत निकृष्ट, त्यांच्यात हा आजार सर्वांत जास्त. गरिबाघरच्या, त्यातही गरीब मुसलमान घरांतल्या बायका पुढे होत्या. म्हणजे आजार बाहेरून येत नव्हता. ताटात काहीतरी कमी होतं. काय कमी होतं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच सुमारास अमेरिकेत एका वेगळ्या जीवघेण्या रक्तक्षयावर कलेजी, म्हणजे जनावराचं यकृत, खायला देऊन गुण आला होता. पण कलेजी गरिबाला रोज परवडणारी नव्हे आणि पुष्कळ घरांत चालणारीही नव्हे. लूसीबाई स्वस्त वस्तू शोधत होत्या. त्यांनी आधी उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग केले. त्यासाठी त्या काही काळ दक्षिणेत कुन्नूरलाही होत्या. बायकांच्या ताटासारखंच निकस खाणं माकडांना दिलं, तेव्हा त्यांचंही रक्त तसंच उतरलं. मग त्यांनी ‘मारमाइट’ नावाचा एक पदार्थ दिला. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडात तो १९०२ पासून बनत होता. काळा, खारट, चिकट, पावाला लावून खायचा. पार खंगलेलं जनावर त्यानं उठून बसलं. मग तो गरोदर बायकांना दिला. त्यांची भूक परतली, नवं रक्त तयार होऊ लागलं. १९३१ साली लूसीबाईंनी हे इंग्लंडातल्या डॉक्टरांच्या साप्ताहिकात छापलं.

त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट पकडली. कलेजीचा जो शुद्ध केलेला अर्क दुसऱ्या रक्तक्षयावर लागू पडायचा, तो या बायकांना लागू पडत नव्हता. साधी कलेजी आणि मारमाइट मात्र लागू पडत होतं. म्हणजे यात एक वेगळीच, अजून कुणाला न सापडलेली वस्तू होती. तिला नाव नव्हतं. म्हणून डॉक्टर लोक तिला ‘विल्स फॅक्टर’, म्हणजे विल्सबाईंचा घटक म्हणू लागले.

मैत्रिणींनो, इथं आम्ही वाचताना थांबलो. लूसीबाईंचं नाव पुस्तकात आहे, आणि ते असायलाच हवं. पण ज्यांच्या बोटातलं रक्त घेतलं, ज्यांनी चुलीपुढं बसून आपण काय खातो ते परक्या बाईला सांगितलं, पोटात मूल असताना तो काळा चिकट पदार्थ गिळला, त्या परळ-लालबागकडच्या बायकांची नावं त्या गोष्टीत येत नाहीत. त्या कदाचित आपल्याच कुणाच्या आजी-पणजी असतील. त्या काळी कोकणातून आणि घाटावरून किती घरं गिरण्यांत गेली होती! जगातल्या बायका आज ही गोळी खातात, तिचा पहिला धडा त्यांच्या अंगावर शिकला गेला.

पुढची दहा वर्षं या वस्तूला बरीच नावं मिळाली. माकडांवर काम करणाऱ्यांनी माकडावरून नाव दिलं, ‘व्हिटॅमिन एम’. कोंबडीच्या पिलांवर काम करणाऱ्यांनी आणखी वेगळं. सगळे एकाच वस्तूभोवती फिरत होते आणि ते त्यांना माहीत नव्हतं. आपल्याकडे एकाच बाईला माहेरी एक नाव, सासरी दुसरं आणि आधारकार्डावर तिसरं असतं, तशातला प्रकार.

१९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स या तिघांनी ती वस्तू वेगळी काढायचं मनावर घेतलं. त्यासाठी त्यांनी पालक घेतला. किती? चार टन. म्हणजे चाळीस क्विंटल पालक! एवढ्या ढिगातून जेमतेम थोडासा अंश हाती आला. तो पानातून निघाला आणि गुणानं आम्ल होता, म्हणून त्यांनी त्याला नाव दिलं फोलिक ॲसिड. मावशींनी वाचलेला शब्द जन्मला तो असा, पालकाच्या ढिगातून.

आता पालकाच्या ढिगातून तर सगळ्या जगाला पुरेल एवढं औषध निघणार नाही. ते कारखान्यात तयार करता यायला हवं होतं. ते काम ज्या प्रयोगशाळेत झालं तिचे प्रमुख होते आपलेच एक माणूस, यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमवरमचे, १८९५ चा जन्म. तरुणपणी त्यांचे दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतरानं संग्रहणीनं गेले. ते स्वतःही त्या दुखण्यातून गेले. पुढे ते अमेरिकेत गेले, आणि त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९४५ साली फोलिक ॲसिड कारखान्यात बनवायची रीत शोधून काढली. नंतर असं दिसलं की उष्ण देशांतल्या ज्या संग्रहणीनं त्यांच्या घरात माणसं नेली, तिच्यावरही हेच औषध लागू पडतं. भावांच्या वेळी ते मिळालं नाही. आपल्याला मिळतं. सुब्बाराव स्वतः १९४८ साली वारले.

या वस्तूचं शरीरात काम काय? शरीरात जिथं जिथं एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या असतात तिथं ती लागते. रक्त रोज नवं बनतं, म्हणून तिथं लागते. पोटातलं मूल तर क्षणोक्षणी वाढत असतं, म्हणून गरोदरपणी तिची गरज एकदम चढते. ती कमी पडली की पेशी फुगतात पण दुभंगत नाहीत. मुंबईच्या त्या बायकांच्या रक्तात मोठ्या पेशी दिसायच्या त्या यामुळं.

आणि आणखी एक गोष्ट, जी सगळ्यांत महत्त्वाची आहे. मूल पोटात राहिल्यावर पहिल्या २८ दिवसांत त्याच्या मेंदूची आणि कण्याची नळी मिटते. ती नीट मिटली नाही तर मूल पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मतं, किंवा त्याचा मेंदूच नीट बनत नाही. १९९१ साली इंग्लंडातल्या संशोधकांनी सात देशांतल्या बायकांचा अभ्यास छापला. ज्यांचं आधीचं एक मूल असं झालं होतं, अशा बायका त्यात होत्या. दिवस जाण्याच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. आता विचार करा, २८ दिवसांत आपल्याला कळलेलं तरी असतं का? पाळी चुकून बाई उपकेंद्रात जाईपर्यंत ती नळी मिटून गेलेली असते. म्हणून जिला मूल हवं आहे तिनं आधीपासूनच आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारून ही गोळी सुरू करायची असते. लग्न झालेल्या मुलींना हे सांगायला आपल्या गटाइतकी चांगली जागा दुसरी कुठली?

आपल्या सरकारनं १९७० साली रक्तक्षय रोखण्याचा कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून गरोदर बाईला लोह आणि फोलिक ॲसिड एकाच गोळीत मिळतं. २०१८ पासून त्याला ‘ॲनिमियामुक्त भारत’ असं नाव आहे. पहिल्या तीन महिन्यांत नुसतं फोलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी. लाल गोळीत फोलिक ॲसिड असतं ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या हजाराव्या भागाचा अर्धा. मिठाच्या बारीक कणांएवढं. ते ना जाळतं ना पोटाला भोक पाडतं.

एवढं सगळं असूनही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांना रक्त कमी होतं. म्हणजे गटात दहा जणी बसल्या तर त्यातल्या पाच जणी तरी. याची कारणं पुष्कळ आहेत. शेवटी जेवायचं, उरलेलं खायचं, जंत, जड पाळी. पण गोळी घरात येऊनही पोटात न जाणं हे एक कारण आपल्या हातातलं आहे.

गोळीमुळे शौच काळी होते, ते लोहामुळं. त्याला भ्यायचं नाही. मळमळ झाली तर जेवणानंतर घ्यायची, आणि होतच राहिली तर नर्सबाईंना सांगायचं, गोळी परस्पर बंद करायची नाही. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही, त्यानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर उत्तम, कारण लिंबातलं आम्ल लोह अंगी लागायला मदत करतं. जास्त गुण येईल म्हणून आपल्या मनानं दोन-दोन गोळ्याही खायच्या नाहीत. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर तपासणी हवी, कारण कधीकधी दुसरं जीवनसत्त्व कमी असतं.

आणि गोळीच्या जोडीला ताट. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, चवळी, मटकी, हरभरा, शेंगदाणे, या सगळ्यांत हा पानाचा अंश असतो. तो पाण्यात उतरतो आणि फार शिजवला की नासतो. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा. उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, त्याचं कढण किंवा आमटी करा. आणि पहिलं वाढून घ्यायचं ते गरोदर बाईनं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आम्ही ही सगळी गोष्ट मावशींना सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, “मंजी पालकाचं हाय व्हय. मग तसं लिवायचं की पाकिटावर.” आम्हाला वाटतं, त्यांचं म्हणणं खरं आहे. पाकिटावर मराठीत ‘पानातलं आम्ल, रक्तासाठी’ एवढं असतं, तर ती तीन पाकिटं पिशवीत पडून राहिली नसती. तसं लिहून येईपर्यंत ते वाचून दाखवायचं काम आपलं. मावशींनी पाकिटं पुन्हा पिशवीत घातली. आता सुनेला रात्रीच्या जेवणानंतर गोळी त्या स्वतः देतात, वर लिंबाची फोड देतात.

तेव्हा येत्या बैठकीत एवढं करा. ज्यांच्या घरी लाल किंवा निळ्या गोळ्या आहेत त्यांनी पाकीट घेऊन या. वाचता येणाऱ्या मैत्रिणीनं त्यावरचं नाव मोठ्यानं वाचावं आणि त्याचा अर्थ सगळ्यांना सांगावा. आणि ज्यांच्या सुनेनं, लेकीनं गोळी बाजूला ठेवली असेल, त्यांना विचारा, कशाची भीती वाटली? रागावू नका. आधी ऐका. उत्तर आपल्याकडे आता आहे.